शनिवारच्या दोन बादल्या

ज्या वर्षी धाकट्या मुलाला मुलगी झाली, त्याच वर्षी गवंड्याने आपला शेवटचा हौद भरला. मुलगी झाल्याचा निरोप आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत पांढरे होते. आलोच म्हणाला आणि पुन्हा भाजलेल्या दगडांवर पाणी ओतत बसला, कारण चुना विरत असताना अर्ध्यावर सोडून उठता येत नाही. संध्याकाळी हात घासून घासून धुतले आणि नातीला बघायला गेला. ती एवढीशी, गोरीपान, नाकाशी टोकदार. "ही तर दगडाची कपची आहे," असं तो म्हणाला, आणि पुढे बारशाचं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. घरात ती कपचीच झाली.

तो चुन्याचा गवंडी होता. सिमेंट आलं तसे बाकीचे गवंडी एकेक करून तिकडे गेले. हा राहिला. जुन्या इमारतींच्या भिंती दुरुस्त करायला अजून चुनाच लागायचा आणि तो करणारा आसपास हा एकच उरला होता. काम सोपं नव्हतं. चुनखडकाचे दगड भट्टीत भाजायचे. भाजलेल्या दगडावर पाणी घातलं की तो तापतो, खदखदतो, फुटतो आणि त्याचा लगदा होतो. तो लगदा हौदात भरायचा आणि वर वीतभर पाणी उभं ठेवायचं. हवा लागू द्यायची नाही. जितकी वर्षं पाण्याखाली राहील तितका चुना मऊ होत जातो आणि तितकी भिंत देखणी होते.

हा शेवटचा हौद मात्र कुणाच्या कामासाठी नव्हता. घरामागच्या पडवीत, दगडांनी बांधलेला, कंबरेइतका खोल. कपची मोठी होईल, तिला अभ्यासाला खोली लागेल, त्या खोलीची भिंत ह्या चुन्याने करायची, असं गवंड्याने ठरवून टाकलं होतं. हौदावर फळ्यांचं झाकण होतं आणि झाकणावर पोतं.

त्या हौदाचा त्याला भारी तोरा. कुणी जुना सोबती भेटायला आला की चहाच्या आधी त्याला पडवीत नेऊन झाकण उचलून दाखवायचा. सात वर्षं झाली, नऊ वर्षं झाली, बोटभर पाणी आटलेलं नाही. बांधणीच तशी आहे. दुसऱ्याचा हौद वर्षात दोनदा भरावा लागतो, माझ्या हौदाला पुन्हा पाणी घालणं माहीत नाही. त्याची बायको, जिला सगळे गवंडीणच म्हणायचे, मागे उभी राहून ऐकायची आणि काही बोलायची नाही. तिनेही उभा जन्म त्याच्याबरोबर चुना चाळला, विरवला, घोटला होता. बोलायची कमी, पण बोलली की नेमकं लागायचं. एकदा तो भिंतीशी बोलत बोलत गिलावा करत होता तेव्हा म्हणाली, तुमचं बरं जमतं तिच्याशी, ती उलटून बोलत नाही ना.

कपची पाचवी पास झाली त्या महिन्यात गवंडीण गेली. तापाने आजारी पडली आणि अकराव्या दिवशी सगळं संपलं. त्यानंतर गवंड्याने कामाला हात लावला नाही. छाती आधीच चुन्याच्या धुळीने भरलेली होती, तेवढं निमित्त पुरलं. पडवीतही तो जाईना. तिथे तिची चाळणी खुंटीला होती.

असं वर्ष गेलं, वर दोन महिने गेले, आणि कपची सातवीत गेली.

सातवीच्या विज्ञानात पदार्थांचे बदल होते. तिला घरच्या अभ्यासाला एक तक्ता दिला होता, त्याला तीन रकाने. पहिल्यात बदल लिहायचा, दुसऱ्यात तो भौतिक की रासायनिक ते लिहायचं, तिसऱ्यात तो पूर्ववत होतो की नाही. ती आजोबांच्या खाटेवर पाय घेऊन बसली आणि मोठ्याने लिहू लागली. बर्फ वितळला, भौतिक, पूर्ववत होतो. लोखंड गंजलं, रासायनिक, होत नाही. कागद जाळला, रासायनिक, होत नाही. कागद फाडला, भौतिक.

गवंड्याने विचारलं, तुझ्या बापाने एकदा प्रगतिपुस्तक फाडलं होतं, तेसुद्धा भौतिकच का.

"हो," कपची म्हणाली. "कागद कागदच राहिला. मार तेवढा नवीन तयार झाला."

गवंडी किती दिवसांनी हसला. हसता हसता खोकला आला, खोकला थांबेपर्यंत ती त्याची पाठ चोळत बसली. मग म्हणाली की आठ बदल हवेत आणि चारच झालेत, तुमच्या कामातले सांगा.

त्याने सांगितलं. दगड फोडला. हा भौतिक, तिने लगेच लिहिलं, कपची झाली तरी दगडच. दगड भाजला. भाजलेला दगड दिसायला तेवढाच असतो, पण उचलला की हात फसतो, जवळजवळ निम्मं वजन गेलेलं असतं. ते कुठे जातं, तिने विचारलं. गवंडी म्हणाला, जातं भट्टीच्या तोंडातून, कुठे ते आम्ही कधी विचारलं नाही. तिने रासायनिक लिहिलं. पाणी घातलं की दगड उकळतो, खाली जाळ नसताना. तेही रासायनिक. आणि मग भिंतीवर लावला की वाळतो.

"वाळतो म्हणजे भौतिक," ती म्हणाली. "पाणी उडून गेलं एवढंच."

गवंड्याने नुसतीच मान हलवली, हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. जन्मभर तो चुना वाळतो असंच म्हणत आला होता. पण ताज्या गिलाव्यावर ऊन पडू नये म्हणून गवंडीण ओली पोती टांगायची, दिवसातून तीनदा शिंपडायची. लवकर वाळला तर गिलावा भुगा होऊन पडतो. वाळल्याने बिघडतो तो वाळून घट्ट कसा होईल. इतक्या वर्षांत हा विचार त्याच्या डोक्यात आला नव्हता. तो म्हणाला, हा रकाना कोरा ठेव, तुझ्या बाईंना विचार.

दुसऱ्या दिवशी कपची शाळेतून आली ती दप्तर न काढताच खाटेशी उभी राहिली. बाईंनी सांगितलं होतं की चुना वाळत नाही. भाजताना दगडातून जो वायू जातो, तोच वायू हवेतही असतो, आपण श्वास सोडतो त्यातही असतो. भिंतीवरचा चुना तो हवेतून हळूहळू आत घेतो आणि पुन्हा दगड होतो. अगदी होता तसलाच.

"पुन्हा दगड?" गवंडी म्हणाला.

"बाई म्हणाल्या, तिसऱ्या रकान्यात लिही, होतो, पण वर्षं लागतात."

तो बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. ती त्यानेच केलेली होती, लग्नाच्या आधी.

पण कपचीला सांगायची खरी गोष्ट पुढेच होती. बाईंनी वर्गात चुन्याच्या निवळीचा प्रयोग केला होता. चुना पाण्यात कालवून ठेवायचा, खाली बसला की वरचं नितळ पाणी काढायचं, त्यात नळीने फुंकायचं. श्वासातल्या वायूने ते पाणी दुधासारखं व्हायला हवं. बाई फुंकून फुंकून लाल झाल्या, पाणी काही ढिम्म बदललं नाही. वर्ग हसला. बाईंनी डबा बघितला तर चुना कित्येक वर्षांचा, उघडाच राहिलेला, कधीच दगडाचं पीठ झालेला. तेव्हा कपची उठून उभी राहिली आणि म्हणाली, आमच्या घरी माझ्या वयाचा चुना आहे, आणि तो जिवंत आहे. बाईंनी शुक्रवारी आणायला सांगितला. नुसता एक पळीभर.

गवंडी म्हणाला, पळीभर काय, वाडगाभर ने.

सकाळी ती शाळेत गेल्यावर तो काठी घेऊन पडवीत गेला. चाळणीकडे न बघता पोतं उचललं. पोतं कोरडं खडखडीत होतं. झाकणाची फळी सरकवली. पाणी नव्हतं. वीतभर सोडा, थेंब नव्हता. पांढरा सपाट थर होता, भेगाळलेला. काठीने ठोकला तर टक्क आवाज आला, फरशीवर येतो तसा.

त्याने फळी पुन्हा सरकवली आणि तिथेच चाळणीखाली बसला. तरुणपणी त्याने असा एक हौद बघितला होता. मालक परगावी राहिला, पाणी आटलं, तीन वर्षांनी उघडला तर तळापर्यंत एकच दगड. माणसांनी घणाने फोडून बाहेर काढला आणि रस्त्यात भराव म्हणून टाकला.

दुपारी सुनेने जेवायला वाढलं तेव्हा त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, पडवीतल्या हौदात कुणी पाणी घालायचं का.

सून म्हणाली, "आई घालायच्या की. दर शनिवारी, तुम्ही अंघोळीला गेलात की दोन बादल्या. बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं?"

घास त्याच्या हातातच राहिला. सून जरा घाबरली, पण आता बोलणं भाग होतं. तिने सांगितलं की एकदा तिनेच सासूबाईंना विचारलं होतं, त्यांना सांगत का नाही. तर म्हणाल्या, त्यांना वाटतंय हौद त्यांचा जगावेगळा आहे. वाटू दे. दोन बादल्यांनी माझं काय जातंय. आणि आई गेल्यावर, सून म्हणाली, मला वाटलं आता तुम्ही घालत असाल.

अकरा वर्षं. वर्षाचे बावन्न शनिवार. गवंड्याने हिशेब केला नाही, पण ताट पुढे सरकवून तो उठला. जगावेगळा हौद म्हणून किती जणांना त्याने चहाआधी पडवीत नेलं होतं, आणि ती मागे उभी असायची.

संध्याकाळी कपचीने वाडगा धुऊन आणला तेव्हा तो म्हणाला, आत्ता हौद उघडायचा नाही. का, तिने विचारलं. तो म्हणाला, हवा बरी नाही. ती म्हणाली, पळीभरच हवाय, झाकण चार बोटं उघडलं तरी चालेल. त्याने आवाज चढवला. तिच्यावर तो कधी ओरडत नसे. तिने वाडगा पालथा घालून ठेवला आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन पाठ करून बसली. पाठ हुबेहूब गवंडिणीसारखी ताठ.

गवंड्याला तिला सामोरं जाणं जमेना. नसलेला चुना ती सगळ्या वर्गाला कबूल करून आली होती. पण त्याला आत खात होतं ते वेगळंच. ह्या हौदाला हात लावलेल्या दोघांपैकी एक गेली होती आणि जी राखत होती तीच गेली होती. आता तो दगड झाला असेल तर तिचे सगळे शनिवार वाया गेले, आणि त्याच्यामुळे गेले. थर फोडून खाली काय आहे हे बघायचं त्याला नको होतं. न बघता राहिला तर निदान नक्की माहीत होणार नव्हतं.

गुरुवारी शाळा अर्ध्या दिवसाची होती. कपची आली, जेवली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली की बाईंना उद्या नाही म्हणून सांगेन, फक्त कारण काय सांगू ते सांगा. खोटं सांगायचं असेल तर तेही सांगा, पाठ करते.

मग त्याने तिला सगळं सांगितलं. पाणी, बादल्या, आजी, टक्क वाजलेला थर. बोलताना तो हाताच्या नखातला चुना काढत होता, जो तिथे आता नव्हता.

कपची ऐकत होती. त्याला वाटलं रडेल. ती म्हणाली, "किती जाड?"

"काय किती जाड?"

"दगड झालेला थर. आजोबा, दगड व्हायला हवा आत जायला लागते ना. वरचा थर दगड झाला की हवेला वाट कुठून? तो झाकणच झाला की. तुमच्या त्या माणसाचा हौद तीन वर्षं होता. आपला चौदा महिने."

"भेगा आहेत त्याला."

"भेगा किती खोल ते बघितलं?"

बघितलं नव्हतं. ती स्वयंपाकघरातून एक लिंबू आणि चमचा घेऊन आली. बाईंनी शिकवलं होतं की आंबट घातलं आणि फसफसलं, तर दगड. नाही फसफसलं तर अजून चुना. गवंड्याला हे ठाऊक होतं, जुन्या भिंतीवर कुणी लिंबू पिळलं की बुडबुडे येतात हे त्याने पाहिलं होतं, पण त्याचा असा उपयोग त्याला कुणी सांगितला नव्हता. त्याने जुन्या पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढली. तिला म्हणाला, डोळ्यांवर चष्मा लाव, उडालेला चुना डोळ्याला वाईट. तिने बापाचा उन्हाचा चष्मा लावला. तो तिच्या नाकावरून सारखा घसरत होता.

पहिला टवका उडाला. लिंबाचा थेंब टाकला. फसफसला. दगड. दुसरा टवका, बोटभर खालचा. फसफसला. तिसरा. फसफसला, पण जरा दमाने. गवंडी दर टवक्यागणिक धापा टाकत थांबत होता. ती हातोडी मागत होती, तो देत नव्हता.

थराचे तुकडे निघत होते तेव्हा त्याला त्यात काही वेगळं दिसलं. वरचा भाग ओबडधोबड होता, पण त्याच्या खाली पातळ पातळ पापुद्रे होते, एकावर एक, कागदांसारखे. नखाने सुटे होत होते. त्याने तो तुकडा कपचीपुढे धरला. तिने चष्मा कपाळावर चढवून पाहिला. गवंड्याने सांगितलं की चुन्यावरच्या पाण्याला साय धरते, पांढरी, पातळ, दुधाला धरते तशी. पाणी हलवलं की ती मोडते आणि बुडते. हलवलं नाही तर तशीच राहते, जाड होते.

कपचीने पापुद्र्यांवरून बोट फिरवलं. मग हळू म्हणाली, "ती साय म्हणजे हवेतल्या वायूचा दगड. आजी वाकून बादली ओतायची ना. मग ह्यात तिचा श्वासपण असेल."

गवंड्याने तो तुकडा सदऱ्याच्या खिशात ठेवला. छिन्नी पुन्हा लावली.

चार बोटांवर छिन्नीचा आवाज बदलला. टक्क ऐवजी थप्प. टवका ओलसर निघाला. कपचीने लिंबू पिळलं. दोघेही वाकून बघत राहिले. थेंब पसरला, आत मुरला, आणि तिथे काहीच झालं नाही. एक बुडबुडा नाही.

"गप्प आहे," ती म्हणाली.

गवंड्याने थापीचं टोक खुपसलं. ते आत गेलं, मुठीपर्यंत. वर काढलं तेव्हा त्यावर चुना होता, पांढराशुभ्र, लोण्यासारखा, थापी उलटी धरली तरी न पडणारा. त्याने दोन बोटांत घेऊन चोळला. एक कण लागला नाही. असा चुना त्याने उभ्या जन्मात केला नव्हता. त्याने करायचा तेवढा केला होता, बाकीचा शनिवारांनी केला होता. त्याने डोळे पुसायला हात वर नेला, तसा कपचीने त्याचा हात धरला आणि म्हणाली, चुन्याचा हात डोळ्याला लावायचा नाही. मग आपल्या फ्रॉकच्या टोकाने तिनेच त्याचे डोळे पुसले.

त्या दिवशी संध्याकाळी तिने दोन बादल्या पाणी आणून हौदात घातलं. गुरुवार होता, पण घातलं.

शाळेत न्यायची निवळी तिने तिथेच बाटलीत केली. सकाळपर्यंत ती आरशासारखी नितळ झाली. बाईंच्या आधी घरी एकदा करून बघू म्हणाली, अर्धी काचेच्या पेल्यात ओतली, नळी आणली आणि आजोबांच्या हातात दिली. ओढायचं नाही, नुसतं फुंकायचं, असं दोनदा बजावलं. गवंड्याने फुंकलं. त्याच्या छातीत फार श्वास नव्हता. चार बुडबुडे, मग थांबायचं, पुन्हा तीन. सून दारात उभी राहिली होती, मुलगा कामावर निघता निघता थांबला होता. पाणी नितळच होतं. गवंडी म्हणाला, तूच फुंक, माझा दमलेला श्वास आहे, त्याला काय येणार. कपची म्हणाली, दमलेल्यात तोच वायू असतो, बाईंना विचारा. त्याने पुन्हा फुंकलं. आणि मग पेल्यात तळाकडून धूर पसरावा तसं पाणी पांढरं होत गेलं, काठापर्यंत.

शाळेतही तसंच झालं. बाईंच्या एकाच फुंकरीने दूध. वर्गाने बाकं वाजवली असं कपचीने आल्यावर सांगितलं, आणि बाईंनी चुना करणाऱ्याला विचारायला सांगितलं होतं की एवढा चांगला कसा राहिला. गवंडी म्हणाला, बाईंना सांग, तो मी नाही राखला.

घरी फुंकलेला पेला तिने हलवू दिला नाही. संध्याकाळपर्यंत पांढरं खाली बसलं, चिमूटभर. तिने ते एका छोट्या बाटलीत काढून बूच लावलं.

पावसाळा संपल्यावर गवंड्याने कपचीच्या खोलीची एक भिंत केली. चारही झेपणाऱ्या नव्हत्या. रोज हातभर जागा करायचा आणि बसायचा. चुना कालवायचं काम कपचीकडे, ओली पोती टांगायचं काम सुनेकडे. वाळतोय का, असं मुलाने विचारलं की आतून कपची ओरडायची, वाळत नाही, श्वास घेतोय, तेव्हा तो म्हणायचा, बरं बाई, श्वास घेऊन झाला की सांगा, खाट आत टाकायची आहे. भिंत पुरी झाली त्या दिवशी गवंड्याने तळहात फिरवून ती घासली, इतकी की तिच्यात समोरची खिडकी आरशासारखी दिसायला लागली. पापुद्र्यांचा तो तुकडा त्याने भिंतीच्या एका कडेला गिलाव्यात बसवला होता. कपचीने विचारलं, ही भिंत पुरती दगड व्हायला किती दिवस. तो म्हणाला, तू वीस वर्षांची होशील तेव्हा येऊन ठोकून बघ.

गवंडी कपचीची आठवी सुरू झाली त्या वर्षी वारला, शाळा उघडल्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी, सकाळी, अंघोळीच्या वेळेला. कपची तेव्हा पडवीत होती, दुसरी बादली ओतत होती.